पावसाळ्यानंतर सिकेटर पुन्हा पुन्हा जाम होणे आणि फांदी चिरडणे: कारण कसे शोधावे आणि दुरुस्ती कशी करावी

गणपती होऊन जातात, पाऊस ओसरू लागतो आणि ऑक्टोबरच्या छाटणीसाठी आपण सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची एका हाताची कात्री, बाहेर काढतो, तेव्हा बहुतेक घरी एकच तक्रार ऐकू येते. मुठी दाबल्यावर सिकेटर मिटते, पण उघडत नाही. जोर लावून उघडले तर पहिल्याच फांदीवर ते कापण्याऐवजी चावते, आणि सालीची एक लांब पट्टी दोन पात्यांच्या मध्ये अडकून बसते. तेलाचे दोन थेंब सोडले की ते आठवडाभर बरे चालते आणि पुन्हा पहिल्यासारखे होते. रत्नागिरीत, जिथे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारी हवा असते, तिथे चाफा, जास्वंद आणि कुंड्यांतले गुलाब सांभाळताना मी या तक्रारीचा अनेक वर्षे अनुभव घेतला आहे. त्या वर्षांत मी प्रत्येक वेळी एकच उपाय करत असे, तो म्हणजे धार लावणे. तो उपाय चुकीचा नव्हता, पण त्याची वेळ चुकीची होती, आणि धार लावण्याची माझी पद्धत बिघाड वाढवणारी होती.

ही तक्रार केवळ हाताला होणाऱ्या त्रासापुरती नाही. गुलाबाची फांदी स्वच्छ कापली गेली तर जखम लवकर सुकते आणि खालचा डोळा जोमाने फुटतो. तीच फांदी चिरडली गेली तर टोकाचे मऊ तंतू मरतात, मेलेल्या भागात ओल धरून राहते, बुरशी शिरते आणि फांदी वरून खाली काळी पडत येते. छाटणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी गुलाबाची टोके काळी पडलेली दिसली की आपण खताला किंवा पाण्याला दोष देतो. अशा वेळी काळ्या पडलेल्या टोकाकडे नीट पाहावे. साल फाटलेली आणि लाकूड दबलेले दिसले, तर पहिला संशय हत्यारावर घ्यावा.

दुरुस्तीआधी आपल्याकडचे सिकेटर कोणत्या प्रकारचे आहे ते पाहावे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. घरगुती बागेत बहुधा कात्रीच्या तत्त्वावर चालणारे सिकेटर असते. त्यात एक धारेचे पाते असते आणि दुसरे जाड, वाकडे, बिनधारेचे पाते असते. हे दुसरे पाते फांदीला आधार देते आणि धारेचे पाते त्याला घासून पुढे सरकते. दुसऱ्या प्रकारात धारेचे पाते एका सपाट पट्टीवर, सुरी पाटावर टेकावी तसे, येऊन टेकते. हा प्रकार वाळक्या काटक्यांसाठी ठीक आहे, पण हिरव्या फांदीला तो थोडेफार दाबतोच, आणि ते कितीही धार लावून पूर्णपणे टळत नाही. तुमचे सिकेटर या दुसऱ्या प्रकारचे असेल आणि तुम्ही त्याने गुलाब छाटत असाल, तर दुरुस्तीपेक्षा हत्यार बदलणे हाच खरा उपाय आहे. यापुढचे विवेचन पहिल्या प्रकाराविषयी आहे.

बिघाड नेमका कुठे आहे

सिकेटर खोलण्याआधी पाच मिनिटे तपासणीला द्यावीत. पहिल्यांदा मुठींमधली स्प्रिंग काढून ठेवावी. एक मूठ आडवी धरून दुसरी मूठ उघडून सोडून द्यावी. नीट जुळवलेल्या सिकेटरची मूठ स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली येते आणि साधारण अर्ध्या वाटेवर थांबते. ती जागची हललीच नाही, तर सांध्यात चीक, माती किंवा गंज आहे अथवा नट फार आवळलेला आहे. ती धाडकन मिटली, तर नट ढिला आहे. या चाचणीआधी स्प्रिंग काढणे आवश्यक आहे, कारण स्प्रिंगचा जोर सांध्यातला दोष बराच काळ लपवून ठेवतो आणि म्हणूनच बिघाड एकाएकी झाल्यासारखा वाटतो.

त्यानंतर सिकेटर पूर्ण मिटवून खिडकीच्या उजेडासमोर धरावे आणि दोन पात्यांमधून प्रकाश दिसतो का ते पाहावे. टोकापासून सांध्यापर्यंत कुठेही उजेडाची फट दिसली, तर सालीची पट्टी अडकण्याचे कारण सापडले असे समजावे. ती फट नट ढिला झाल्यामुळे असू शकते, पाते पिळले गेल्यामुळे असू शकते किंवा चुकीच्या बाजूने धार लावल्यामुळेही असू शकते. नट किंचित आवळून पुन्हा पाहिल्यावर फट नाहीशी झाली, तर दुखणे किरकोळ आहे.

धारेची परीक्षा सर्वांत शेवटी करावी. वर्तमानपत्राचा एकपदरी तुकडा टोकाकडच्या भागाने कापून पाहावा. कागद सरळ कापला गेला तर धार चांगली आहे. तो दुमडून पात्यांमध्ये शिरला, तर एक तर धार गेली आहे किंवा फट आहे. उजेडाची चाचणी आधी केलेली असली की या दोहोंतला फरक लगेच कळतो. माझा अनुभव असा आहे की ज्या सिकेटरला लोक ‘बोथट झाले’ म्हणतात, त्यांपैकी बऱ्याच सिकेटरची धार शाबूत असते, आणि त्यांच्या पात्यावर चिकाचा काळा थर तेवढा साचलेला असतो.

चीक आणि गंज

तपासणीनंतर सिकेटर खोलावे. बोल्ट, नट आणि वॉशर कोणत्या क्रमाने निघाले ते लक्षात राहावे म्हणून मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवावे, कारण वॉशर उलट्या बाजूला गेला तरी सिकेटर जाम होते आणि मग कारण शोधताना दिवस जातो. काही स्वस्त सिकेटर बोल्टऐवजी रिव्हेटने जोडलेले असतात. ते खोलता येत नाहीत, तेव्हा पुढची सगळी सफाई पाती उघडून जुन्या टूथब्रशने करावी लागते.

चाफा, कण्हेर, रबराचे झाड, फणस आणि आंबा या सगळ्यांचा चीक पात्यावर पातळ थरासारखा पसरतो, हवेने घट्ट होतो आणि त्याला धूळ चिकटते. हा थर पाण्याने जात नाही. त्यावर खोबरेल तेल चोळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, नंतर लाकडी काटकीच्या किंवा बांबूच्या चपट्या तुकड्याने खरवडावे आणि शेवटी भांडी घासण्याच्या साबणाने तेलासकट धुऊन टाकावे. फार जुना थर असेल तर टर्पेंटाइन किंवा रॉकेलचा बोळा उपयोगी पडतो. मात्र ते काम उघड्यावर, शेगडीपासून आणि देवाच्या दिव्यापासून दूर करावे. कण्हेरीचा चीक विषारी आहे, त्यामुळे ही सफाई करताना हातमोजे घालावेत आणि तोच बोळा स्वयंपाकघरात नेऊ नये.

चीक निघाल्यावर उरतो तो खरा गंज. वरवरचा तांबूस गंज स्टीलच्या घासणीने निघतो. सांध्याच्या भोवती आणि बोल्टच्या आट्यांत बसलेल्या गंजासाठी सुटे केलेले पाते आणि बोल्ट साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून ठेवावेत आणि दर तासा-दोन तासांनी घासून पाहावे. रात्रभर ठेवण्याचा सल्ला सरसकट दिला जातो. तो कुदळीला किंवा फावड्याला ठीक आहे, पण सिकेटरच्या बारीक धारेला आम्ल जास्त वेळ लागू देणे मला योग्य वाटत नाही, कारण आम्ल गंजाबरोबर पोलादही खाते. ॲल्युमिनियमच्या मुठी व्हिनेगरमध्ये बुडवू नयेत. पाते बाहेर काढल्यावर लिटरभर पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा घालून त्यात बुचकळावे, साध्या पाण्याने धुवावे आणि त्याच क्षणी कोरड्या फडक्याने पुसून तेल लावावे. हे शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे आहेत. आम्लातून निघालेले उघडे पोलाद ओलसर हवेत काही मिनिटांतच पुन्हा तांबूस होऊ लागते.

धार लावताना होणारी मुख्य चूक

धारेच्या पात्याची एक बाजू उतरती असते आणि दुसरी अगदी सपाट असते. सपाट बाजू आधाराच्या पात्याला घासून चालते, आणि त्या दोन पृष्ठभागांच्या जवळिकीवरच कापण्याची सगळी क्रिया अवलंबून असते. म्हणून धार फक्त उतरत्या बाजूने लावायची असते. विळ्याला किंवा सुरीला आपण दोन्ही बाजूंनी धार लावतो, आणि त्याच सवयीने सिकेटरच्या सपाट बाजूलाही उतार दिला जातो. असे झाले की धार आधाराच्या पात्यापासून केसभर दूर सरकते, त्या फटीत कोवळी साल शिरते, आणि धार तीक्ष्ण असूनही फांदी चिरडते. मग पुन्हा धार लावली जाते आणि फट आणखी वाढते. माझ्याकडून अनेक वर्षे हेच होत होते. दारावर सायकल घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे सिकेटर द्यायचे असेल, तर पाते सुटे करून द्यावे आणि कोणत्या बाजूला चाक लावायचे ते खुणेने दाखवावे. कोरड्या चाकावर पाते फार वेळ धरले गेले तर ते तापते. धारेवर निळसर झाक आली तर तिथले तापमान ३०० अंश सेल्सियसच्या आसपास गेले होते आणि पोलादाचे पाणी उतरले आहे, असे समजावे. अशी धार नंतर टिकत नाही.

घरी धार लावायची तर निसणा किंवा हिऱ्याच्या कणांची चपटी पट्टी पुरते. कारखान्यातून आलेला उतार साधारण २० ते २५ अंशांचा असतो, पण तो मोजत बसण्याची गरज नाही. उतरत्या बाजूवर काळ्या मार्कर पेनने शाई लावावी आणि दगडाचा एकच हात फिरवून पाहावे. शाई फक्त वरच्या काठाची गेली तर दगड फार आडवा आहे, फक्त धारेवरची गेली तर तो फार उभा आहे, आणि सगळ्या रुंदीवरची गेली तर कोन बरोबर जुळला आहे. त्यानंतर दगड ओला करून सांध्याकडून टोकाकडे, पात्याच्या वळणाबरोबर, एकाच दिशेने आठ-दहा वेळा फिरवावा. सपाट बाजूला बोट हलकेच धारेच्या आडवे, बाहेरच्या दिशेने फिरवल्यावर बारीक खरखर जाणवू लागली, की धार काठापर्यंत पोहोचली आहे. ती खरखर घालवण्यासाठी दगड सपाट बाजूवर पूर्ण टेकवून, जराही न उचलता, एक किंवा दोन हलके हात द्यावेत. सपाट बाजूचे काम एवढेच आहे. आधाराच्या वाकड्या पात्याला धार लावू नये. त्यावरचा चीक आणि गंज काढला की पुरे.

जोडताना सांध्यात मशीन ऑइलचे एक-दोन थेंब सोडावेत, नट हाताला खेळ लागेनासा होईपर्यंत आवळावा आणि मग अगदी किंचित मागे घ्यावा. मघाची मूठ सोडण्याची चाचणी पुन्हा करून मूठ अर्ध्या वाटेवर थांबते की नाही ते पाहावे. आठवड्याभराच्या वापरात नट पुन्हा ढिला होत असेल, तर तो साधा नट आहे. त्याच्या जागी आत नायलॉनची कडी असलेला नट बसवावा, किंवा बोल्ट पुरेसा लांब असेल तर वरून दुसरा नट आवळून पहिल्याला अडवून धरावे. हार्डवेअरच्या दुकानात हा नट काही रुपयांत मिळतो, आणि ‘दर आठवड्याला पुन्हा तेच’ या तक्रारीचा मोठा भाग त्यानेच मिटतो.

तरीही दरवर्षी हे का होते

दुरुस्ती नीट होऊनही पुढच्या वर्षी गंज पुन्हा दिसत असेल, तर आपण वापरानंतर हत्यार कसे ठेवतो ते तपासले पाहिजे. लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि त्यात क्षार मिसळले की गंजाचा वेग फार वाढतो. किनाऱ्यावर क्षार हवेतूनच येतात; किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांच्या घरी ते खतातून येतात. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि ज्या हाताने ते कुंडीत टाकले त्याच ओल्या हाताने सिकेटर धरले, तर पात्यावर क्षाराचे पाणीच लागते. खताच्या पिशवीशेजारी, त्याच घमेल्यात हत्यारे ठेवण्याची पद्धत बहुतेक घरी असते. ती प्रथम बंद करावी.

एका कारणाकडे सहसा लक्ष जात नाही. छाटणीनंतर गुलाबाच्या जखमांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक मिश्रण, लावण्याचा सल्ला योग्यच आहे, पण ब्रशवरची पेस्ट सिकेटरला लागते आणि आपण ते तसेच ठेवून देतो. बोर्डोतला मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. त्यात चुना कमी पडला असेल तर मोकळे तांबे लोखंडावर चढते आणि लोखंड झिजते. सुपारीचे आणि द्राक्षाचे बागायतदार याच गुणाचा उपयोग करून मिश्रणाची परीक्षा घेतात: घासून लख्ख केलेले लोखंडी पाते मिश्रणात थोडा वेळ बुडवतात, आणि त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना मिसळतात. पाते तांबूस होणे हे जिथे दोषाचे लक्षण मानतात, ते आपण आपल्या सिकेटरवर नकळत घडवून आणतो आणि नंतर त्यालाच पावसाळ्याचा गंज समजतो. पेस्ट लावण्याआधी सिकेटर पुसून, तेल लावून दूर ठेवावे, आणि मगच ब्रश हातात घ्यावा.

निर्जंतुकीकरणाबाबतही अशीच काळजी घ्यावी लागते. रोगट फांदी कापल्यावर पाते पुसणे आवश्यक आहे. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूंचा रोग छाटणीच्या हत्यारांतूनही झाडाझाडांवर पसरतो, हे डाळिंब उत्पादकांना चांगले ठाऊक आहे. मात्र घरात कपड्यांसाठी असलेले ब्लीच पोलादाला खाते. ते वापरले तर काम संपताच पाते धुऊन, पुसून तेल लावावेच लागते. थोड्या झाडांसाठी ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा अधिक सोयीचा आहे, कारण तो उडून जातो आणि धुण्याची गरज राहत नाही.

तेल कोणते, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. रोजच्या पुसण्याला खोबरेल चालते. थंडीत ते गोठते, तेव्हा थर पातळ लावावा. जून ते सप्टेंबर या काळात सिकेटर बंद ठेवायचे असेल तर मशीन ऑइल अधिक बरे. गाडीचे वापरलेले काळे ऑइल लावू नये, कारण ते पात्यावरून फांदीला आणि मातीला लागते. विदर्भात सहज मिळणारे जवसाचे तेल लाकडी मुठींना उत्तम, कारण ते हवेत सुकून कडक थर धरते. नेमक्या त्याच गुणामुळे ते सिकेटरच्या सांध्यात घालू नये, नाहीतर महिन्याभरात सांधा चिकटतो. जवसाच्या तेलात भिजलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. सुकताना ते आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते, म्हणून ते उघड्यावर पसरून पूर्ण वाळवावे.

चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या म्यानात सिकेटर पावसाळाभर ठेवणे हे गंजाला आमंत्रण आहे, कारण म्यानात शिरलेली ओल बाहेर पडत नाही. कोरड्या फडक्यात सैलसर गुंडाळून, झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंचावर ठेवलेले सिकेटर माझ्याकडे गेली काही वर्षे गंजाशिवाय बाहेर निघत आहे. खुरपे, विळा आणि दाताळे यांच्या पात्यांनाही हीच पद्धत लागू पडते. खुरप्याची मूठ ढिली झाल्यावर ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याची सवय मात्र सोडावी. लाकूड फुगते, मूठ दोन दिवस घट्ट वाटते, आणि वाळल्यावर दबलेले तंतू पूर्ववत होत नसल्याने ती पूर्वीपेक्षा अधिक ढिली होते; त्यापेक्षा कोरड्या लाकडाची बारीक पाचर ठोकावी.

सगळे करूनही फांदी चिरडत असेल, तर आपला हात तपासावा. सिकेटर अंगठ्याच्या जाडीपर्यंतच्या ओल्या फांदीसाठी असते. त्याहून जाड फांदी पकडून मनगट डावी-उजवीकडे पिळले की दोन पाती एकमेकांपासून दूर जातात आणि काही वेळा कायमची वाकतात. अशा फांदीला छोटी करवत वापरावी. कापताना धारेचे पाते झाडावर राहणाऱ्या भागाकडे असावे आणि वाकडे पाते तोडून टाकायच्या भागाकडे असावे, म्हणजे जो थोडा दाब पडतो तो फेकून द्यायच्या तुकड्यावर पडतो. उलटे धरले तर उत्तम धारेच्या सिकेटरनेही राहणाऱ्या खुंटावर दाबल्याचा वण उठतो.

पाते पिळलेले असेल, धारेवरच गंजाचे खोल खड्डे पडले असतील किंवा बोल्टचे भोक झिजून लांबट झाले असेल, तर दुरुस्तीत वेळ घालवू नये. सुटे पाते मिळत असेल तर ते बदलावे, नाहीतर नवे सिकेटर घ्यावे आणि घेतानाच नट खोलता येतो का ते दुकानात पाहून घ्यावे. दुरुस्त केलेल्या सिकेटरची शेवटची परीक्षा जास्वंदीच्या पेन्सिलइतक्या जाड फांदीवर घ्यावी, कारण जास्वंदीची साल चिवट आणि तंतुमय असते. टोकाजवळच्या भागाने एका दाबात फांदी तुटली आणि सालीचा एकही दोरा लोंबत राहिला नाही, तर गुलाबाला हात लावायला हरकत नाही.